शिपाई गेला, प्यून आला



बँकेच्या नोकरीत आयुष्य घालवलेल्या माणसाला प्रत्येक नोंदीच्या दोन बाजू पाहण्याची सवय जडते. एका खात्यात रक्कम जमा दिसली की ती दुसऱ्या कोणत्या तरी खात्यात नावे पडली असलीच पाहिजे, असे त्याचे मन धरून चालते आणि ती दुसरी बाजू सापडेपर्यंत त्याला स्वस्थता लाभत नाही. सेवानिवृत्तीनंतर आकड्यांशी संबंध तुटला, सवय मात्र सुटली नाही. आता ती शब्दांवर चालते. परका शब्द आपल्या भाषेत जमा झालेला दिसला की तो आला कोठून आणि त्याच्या बदल्यात आपला कोणता शब्द परमुलखात गेला, हे पाहावेसे वाटते. या वेळच्या सदरात अशाच एका देवघेवीचा हिशेब मांडतो. तो सैन्यातील एका पदाचा आहे. पण त्याची शिल्लक आपल्या पेढीपर्यंत आणि दुकानापर्यंत येऊन पोहोचते, म्हणून आपणां व्यापारी मंडळींसमोर तो ठेवावासा वाटला.

माझी नात शाळेत परकीय भाषा म्हणून स्पॅनिश शिकते. सुट्टीत आम्ही गणपतीपुळ्याला होतो, तेव्हा संध्याकाळी समुद्राकडे तोंड करून बुद्धिबळाचा पट मांडीत असू. शिक्षकांनी सोंगट्यांची स्पॅनिश नावे पाठ करून आणण्यास सांगितले होते. राजा म्हणजे 'रेय', घोडा म्हणजे 'काबाय्यो', हत्ती म्हणजे 'तोर्रे', अर्थात बुरूज. आपल्या उंटाला ते 'आल्फिल' म्हणतात. आणि प्यादे? प्याद्याला शब्द होता 'पेओन'. नातीने तो दोनतीनदा घोळवला आणि विचारले, "आजोबा, तुमच्या बँकेत प्यून होते ना? मग ते बुद्धिबळातले प्यादे होते का?"

प्रश्न मुलाचा होता, पण उत्तर सोपे नव्हते. कारण तिने ज्या दोन शब्दांची गाठ सहज मारली, ती भाषाशास्त्राच्या दृष्टीने अगदी पक्की गाठ आहे.

'पेओन' हा स्पॅनिश शब्द मुळात पायदळातील सैनिकाचा आहे. लॅटिन भाषेत पायाला जो शब्द आहे, त्यावरून पायी चालणारा तो 'पेओन'. पोर्तुगीज भाषेत त्याचाच सख्खा भाऊ 'पियाँव' या रूपात आहे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीज आपल्या किनाऱ्यावर आले. वास्को द गामा १४९८ साली कालिकतला उतरला आणि १५१० साली गोवा त्यांच्या हाती गेला. येथील पायी चालणाऱ्या शस्त्रधारी माणसाला, पहारेकऱ्याला, निरोप पोहोचविणाऱ्याला ते आपल्या सवयीने याच नावाने हाक मारू लागले. त्यांच्या मागोमाग आलेल्या इंग्रजांनी तो शब्द उचलला आणि कंपनी सरकारच्या वखारीतून तो कचेरीत, कचेरीतून बँकेत आला. वाटेत त्याची ढाल-तलवार गळून पडली. हातात उरली ती कागदांची फाईल आणि चहाची किटली.

आता आपले 'प्यादे' पाहा. हा फारसी 'पियादा'. त्याच्या पोटातही पायच आहे. संस्कृतात चतुरंग सेनेच्या चौथ्या अंगाला 'पदाति' म्हणतात, तेही पायावरूनच. संस्कृत, फारसी आणि लॅटिन या एकाच कुळातल्या भाषा असल्यामुळे 'पद', 'पा' आणि लॅटिनमधील पाय हे शब्द एकाच मुळापासून फुटले आहेत. म्हणजे पदाति, प्यादे, पेओन आणि आपल्या कचेरीतला प्यून हे दूरदूरच्या देशांत वाढलेले एकाच घराण्याचे वंशज होत. बुद्धिबळही तसेच. आपल्याकडचा चतुरंग इराणात गेला, तेथून अरबांकडे आणि अरबांबरोबर स्पेनमध्ये. अरबीत 'फील' म्हणजे हत्ती, आणि स्पॅनिश 'आल्फिल' त्यावरूनच आला. स्पेनमधील कास्तील राज्याचा राजा दहावा आल्फोन्सो याने १२८३ साली खेळांवर जो ग्रंथ सिद्ध करविला, त्यात बुद्धिबळाला मानाचे स्थान आहे.

ही झाली जमेची बाजू. आता नावेची बाजू पाहू. पेओन आपल्याकडे आला, त्या बदल्यात कोण गेला?

गेला आपला शिपाई. 'सिपाही' हा मूळ फारसी शब्द. 'सिपाह' म्हणजे फौज. हिंदुस्थानात तो रुळला आणि मराठीत त्याचा 'शिपाई' झाला. गणपतीपुळ्याहून अगदी जवळ असलेल्या मालगुंड गावी १८६६ साली जन्मलेल्या केशवसुतांनी आपल्या एका प्रसिद्ध कवितेला 'नवा शिपाई' हे नाव दिले, तेव्हा त्यांच्या मनात हा शब्द पूर्ण तेजाचा होता. तो शिपाई कोणा राजाच्या पदरी नव्हता. तो नव्या विचारांचा सैनिक होता. पण तोवर हाच शब्द पोर्तुगीजांच्या आणि इतर युरोपियनांच्या तोंडून समुद्रापार गेला होता. स्पॅनिशमध्ये त्याचा 'सिपायो' झाला. त्यांच्या कोशात त्याचा पहिला अर्थ आहे, युरोपीय सत्तांच्या चाकरीतला हिंदी सैनिक. आणि दुसरा? पैशासाठी परक्याची बाजू घेणारा माणूस. अर्जेंटिनाच्या राजकारणात तर विरोधकाला 'सिपायो' म्हणणे ही शिवी आहे.

वाचकहो, खाते जुळले. पण मन विषण्ण झाले. त्यांचा लढवय्या पेओन आपल्याकडे येऊन चहा देऊ लागला आणि आपला लढवय्या शिपाई त्यांच्याकडे जाऊन शिवी झाला. दोन्ही बाजूंना घट. शब्द परमुलखात गेला की त्याच्यामागे उभे राहणारे त्याचे गणगोत तेथे नसते. मग ज्याच्या हाती सत्ता, तो त्याला देईल ती किंमत.

परका शब्द घेणे हे काही कमीपणाचे नाही. आपण व्यापारी लोक. माल कोठलाही असो, उपयोगाचा असला की घेतो. कोकणच्या किनाऱ्यावर जयगड, दाभोळ, राजापूर ही बंदरे होती आणि मालाबरोबर शब्दांचीही आयात होत होती. आपण महिनाअखेरीस ज्याची वाट पाहतो तो 'पगार', तिजोरीची 'चावी', थकलेल्या कर्जासाठी पुकारला जाणारा 'लिलाव' हे तिन्ही शब्द पोर्तुगीजांकडून आले. मराठ्यांचे 'आरमार'सुद्धा त्यांच्या 'आर्माडा'वरून आले, आणि त्याच आरमाराने पुढे त्यांना जेरीस आणले. शिवछत्रपतींच्या आरमारातील 'दर्यासारंग' या पदातला 'सारंग' हा फारसी 'सरहंग' आहे. इराणच्या सैन्यात आजही कर्नलला सरहंग म्हणतात. कान्होजी आंग्रे यांचे 'सरखेल' हे पदही फारसीच. परकी नावे धारण करणाऱ्या या माणसांचा दरारा मात्र संपूर्ण स्वकीय होता.

नाव बदलण्याचाही मार्ग आपल्याकडे चोखाळला गेला आहे. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी महाराजांनी प्रधानांच्या पदांना संस्कृत नावे दिली. पेशवे मुख्य प्रधान झाले, मुजुमदार अमात्य झाले, सुरनीस सचिव झाले आणि सरनोबत सेनापती झाले. रघुनाथपंतांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला, तोही याच हेतूने. येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. नाव बदलताना कोणाचे पद उतरले नाही. उलट नव्या राज्याच्या प्रतिष्ठेची झळाळी त्या पदांवर चढली. शब्दाला किंमत पदामुळे येते आणि पदाला किंमत त्या माणसाशी होणाऱ्या वागणुकीमुळे.

आता आपल्या वहीतले दोन शब्द घ्या. 'जमा' आणि 'हवाला'. 'जमा' या अरबी शब्दाचा अर्थ एकत्र करणे. ज्याच्या हाती माणसांची जमात तो 'जमादार' आणि ज्याच्या हाती हिशेबाची गोळाबेरीज तो 'मुजुमदार'. दोघेही त्याच धातूचे. 'हवाला' म्हणजे सोपविणे, आणि ज्याच्यावर विश्वासाने काही सोपविले तो 'हवालदार'. म्हणजे सैन्यातली ही पदे आणि आपल्या पेढीवरची भाषा एकाच कापडातून बेतलेली आहे. दोन्हीकडे मुख्य गोष्ट एकच: कोणावर किती विश्वास टाकला आणि त्याने तो कसा सांभाळला.

या विश्वासाची गोष्ट निघाली म्हणून बँकेतील एक आठवण सांगतो. एका शाखेत आमच्याकडे एक ज्येष्ठ शिपाई होते. सारी शाखा त्यांना मामा म्हणे. सकाळी सर्वांच्या आधी येऊन शाखा उघडायची, क्लिअरिंगचे चेक घेऊन वेळेत पोहोचायचे, दिवसाची व्हाउचरे तारीखवार लावून शिवायची, रोकड न्यायची असली की सोबत जायचे, ही त्यांची कामे. लाखोंच्या रकमा त्यांच्या डोळ्यांसमोरून जात. एका कागदाची कधी चूक झाली नाही. एकदा त्यांचा मुलगा महाविद्यालयाचा अर्ज भरण्यासाठी शाखेत आला. सगळे रकाने सुवाच्य अक्षरात भरलेले. 'वडिलांचा व्यवसाय' हा तेवढा कोरा. माझ्या टेबलापाशी येऊन त्याने हळूच विचारले, "साहेब, येथे बँक कर्मचारी लिहिले तर चालेल का?" मामा मागेच उभे होते. त्यांनी ते ऐकले. रागावले नाहीत. म्हणाले, "बँक कर्मचारी लिही, तेही खरेच आहे. पण शिपाई लिहिलेस तरी लाज नाही. त्याच पगारावर तू शिकलास."

मुलाने काय लिहिले ते मी पाहिले नाही. पाहणे योग्यही नव्हते. परंतु त्या कोऱ्या रकान्याचा विचार मी पुष्कळदा केला आहे. त्या मुलाला शब्दाची लाज वाटत नव्हती. तो शब्द उच्चारला जाताना समोरच्याच्या चेहऱ्यावर जे उमटते, त्याची त्याला धास्ती होती. पोलीस शिपाई आला की आपण उठून उभे राहतो आणि बँकेतला शिपाई आला की मान वर न करता कागद पुढे सरकवतो. शब्द तोच, वागणूक दोन. केंद्र सरकारने सहाव्या वेतन आयोगानंतर 'प्यून' हे पदनाम काढून 'मल्टी टास्किंग स्टाफ' केले. हेतू चांगलाच असेल. पण मान वर न करता कागद सरकविण्याची सवय नव्या नावालाही लवकरच जुने करील, ही भीती राहते.

येथवर हे सारे सभ्य शब्दांचे प्रकरण वाटेल. त्याची दुसरी, अधिक कठोर बाजू अद्याप यायची आहे, आणि तिचा संबंध थेट कर्जाशी आहे.

स्पॅनिश लोक अमेरिका खंडात गेले तेव्हा पेओनही गेला. तेथे त्याची तलवारच नव्हे, तर मोकळीकही गेली. मोठमोठ्या जमीनदाऱ्यांवर राबणाऱ्या मजुराला 'पेओन' म्हणू लागले. मेक्सिकोत मालकाच्या आवारातच मालकाचे दुकान असे. मजुराने धान्य, कापड, औषध तेथूनच उधारीवर घ्यायचे आणि मजुरी त्या उधारीत वळती व्हायची. उधारी फिटत नसे. बाप मेला की मुलाच्या माथी येई. जोवर बाकी आहे, तोवर मालकाची जमीन सोडून जाता येत नसे. पायी चालणारा म्हणून ज्याला नाव मिळाले, त्याचेच पाय वहीतल्या बाकीने बांधले गेले. अमेरिकेने १८६७ साली कायदा करून ही पद्धत बंद केली. तो कायदा प्रामुख्याने पूर्वी स्पॅनिश अमलात असलेल्या न्यू मेक्सिको प्रांताला उद्देशून होता. मेक्सिकोच्या १९१७ च्या राज्यघटनेने मजुरांच्या माथ्यावरची मालकांची अशी कर्जे संपुष्टात आणली. आपल्या संविधानाच्या अनुच्छेद २३ ने वेठबिगारीस मनाई केली आणि १९७६ च्या कायद्याने वेठबिगारीची सर्व कर्जे रद्द ठरविली.

यात आपला काय संबंध, असे कोणी विचारील. आपल्याकडे त्याला एक साधा, रोजचा शब्द आहे: 'उचल'. मुलीच्या लग्नाला, आजारपणाला, घराच्या छपराला दुकानातला माणूस उचल मागतो आणि आपण देतो. देणे चांगलेच, अडीला उभे राहणे हा आपल्या पेढ्यांचा लौकिक आहे. पण पुढे काय होते ते तपासावे. महाराष्ट्रातील ऊसतोड कामगारांची उचल सर्वांना ठाऊक आहे. हंगामापूर्वी मुकादम उचल देतो आणि ती फिटेपर्यंत कुटुंबच्या कुटुंब कोयता घेऊन राबते.

हा 'मुकादम' शब्दही या हिशेबात आहे, याचे मला स्वतःला फार नवल वाटले. अरबी 'मुकद्दम' म्हणजे पुढे असणारा, अग्रेसर. पावलाला आपण 'कदम' म्हणतो तोही याच धातूचा. जुन्या मराठी कागदांत गावच्या पाटलाला 'मोकदम' म्हटलेले आढळते. हाच शब्द अरबांबरोबर स्पेनमध्ये गेला आणि तेथे तो सैन्यातले एक पद झाला: 'अल्मोकादेन'. तो कोणाचा नायक? पेओन लोकांचा, म्हणजे पायदळाच्या तुकडीचा! मुकादम आणि प्यादे ही जोडी जशी आपल्या बाजारपेठेत, तशीच सातशे वर्षांपूर्वी स्पेनच्या रणांगणात.

वर ज्याचा उल्लेख केला त्या दहाव्या आल्फोन्सोने आपल्या राज्यासाठी 'सिएते पार्तिदास' नावाची मोठी कायदेसंहिता करविली. तिच्यात अल्मोकादेन कोणाला नेमावे, याचे नियम घालून दिले आहेत. त्याच्या अंगी चार गोष्टी हव्यात: युद्धाचे आणि माणसांना वाट दाखविण्याचे ज्ञान, धैर्य, चपळाई आणि निष्ठा. त्याला हे पद द्यायचे तर आधीच्या बारा अल्मोकादेनांनी शपथेवर त्याची ग्वाही द्यायची. आणि हे पद मिळे ते पेओनमधून वर आलेल्याला. म्हणजे प्याद्याने पुढे सरकत राहावे आणि शेवटच्या घरात पोहोचून मोठे व्हावे, हा बुद्धिबळाचा नियम तेथे प्रत्यक्ष व्यवहारातही होता. पायी चालणाऱ्याला पुढे जाण्याची वाट मोकळी होती.

माझ्या मते साऱ्या प्रश्नाचे मर्म या वाटेत आहे. पेओन या शब्दाची किंमत कधी घसरली? तो पायी चालत होता तोवर घसरली नाही. त्याची पुढची वाट बंद झाली तेव्हा घसरली. आपल्या पेठांतील जुन्या पेढ्यांवर दिवाणजी असत. त्यांतले कित्येक पोरवयात झाडलोट करायला आले, गादीवर बसून अक्षर गिरवायला शिकले आणि पुढे मालकाच्या मुलालाही हिशेबात टोकण्याइतके मोठे झाले. हा 'दिवाण' शब्दही स्पेनमध्ये गेला आणि तेथे 'आदुआना', म्हणजे जकातघर, झाला. आपल्याकडे त्याला 'जी' लागले आणि ते टिकले. कारण त्या पदाची वाट खालून वर जात होती.

आज आपल्या दुकानांत, गोदामांत, कारखान्यांत जी माणसे आहेत, त्यांना तशी वाट आहे का? सामान चढविणाऱ्या मुलाला बिल करायला कोणी शिकविते का? त्याचे पूर्ण नाव आपल्या घरातल्या लहानांना ठाऊक आहे, की 'ए पोऱ्या' एवढ्यावरच भागते? त्याने घेतलेल्या उचलीची नोंद त्याला वाचता येईल अशा अक्षरात, त्याच्या सहीनिशी आहे का? दरमहा किती कापायचे हे आधी ठरलेले आहे का, आणि कापून उरलेल्या पगारात त्याचे घर चालते का? बाकी असताना त्याला दुसरीकडे चांगले काम मिळाले, तर ती बाकी हप्त्याने परत करण्याची मुभा देऊन आपण त्याला जाऊ देतो का? मी बँकेत कर्जे दिली आणि वसूलही केली, म्हणून सांगतो: कर्जाची वसुली हा देणाऱ्याचा हक्कच आहे. पण माणूस हे त्या कर्जाचे तारण नव्हे. ज्या दिवशी आपण मनातल्या मनात 'हा कोठे जातो, आपली उचल आहे त्याच्याकडे' असे म्हणतो, त्या दिवशी आपल्या पेढीवर मेक्सिकोतले ते दुकान उघडते.

नातीच्या प्रश्नाला मी त्या संध्याकाळी एवढेच उत्तर दिले की बँकेतले प्यून प्यादे होते खरे, पण पटावरच्या प्याद्याला एक सोय असते. ते शेवटच्या घरात पोहोचले तर त्याचा वजीर किंवा दुसरी मोठी सोंगटी करावीच लागते, आणि हा नियम मोडण्याची मुभा कोणत्याही खेळाडूला नाही. तिने लगेच विचारले, "मग तुमच्या बँकेत होता का तो नियम?" शिपायाला परीक्षा देऊन लिपिक होता येई आणि काही जण झालेही, हे मी तिला सांगितले. सगळ्यांना ते साधले नाही, हेही सांगितले.

दिवाळीला आपण नव्या वहीची पूजा करतो. पहिल्या पानावर मंगलचिन्ह काढून झाले की आतली खाती घालावी लागतात. त्यांत पगाराच्या पानावर प्रत्येकाचे नाव आडनावासह पूर्ण लिहावे, त्यासमोर तो आज काय काम करतो ते लिहावे, आणि एक रकाना मोकळा सोडावा: पुढल्या दिवाळीपर्यंत याला काय शिकवायचे. हिशेब तपासनीस हा रकाना विचारणार नाही. तो आपण आपल्यालाच विचारायचा आहे.